दोन गट, बारा माणसं, नव्वद दिवस

निवडणूक होऊन वर्ष उलटलं, तरी वस्तीतल्या दोन गटांतला अबोला सुटत नाही. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यांना बोलावून मोठी सभा घेतात आणि तिथेच फसतात. माइक हाती आलेला माणूस आपल्याच लोकांना खूश करायला बोलतो, समोरचे टाळ्या कुणी वाजवल्या ते बघत बसतात. सभा शेवटी घ्यायची किंवा घ्यायचीच नाही.

पहिले तीन आठवडे फक्त गाठीभेटी. समन्वयक दोन हवेत, दोन्ही बाजूंचा एकेक, आणि प्रत्येक घरी दोघांनी मिळूनच जायचं. एकटा गेला की 'हा त्यांचा निरोप घेऊन आलाय' असा संशय लगेच धरला जातो. दहा-पंधरा घरं पुरतात. प्रत्येक घरी पाऊण तास आणि तीनच प्रश्न. या फुटीमुळे तुमचं नेमकं काय अडलं? समोरच्या गटातला कोण दिलेला शब्द पाळतो? आणि कोणत्या विषयावर बोलायची तुमची अजिबात तयारी नाही?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. विरोधी बाजूकडून ज्याचं नाव दोन-तीनदा येतं, त्याला बैठकीला बोलवा. उमेदवार आणि पक्षाचे पदाधिकारी नकोत. चारचौघांत एक पाऊल मागे घेतलं तर त्यांना त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून ते घेत नाहीत. मात्र त्यांना वगळताय हे आधी स्वतः जाऊन सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर ते पहिल्याच दिवशी काम मोडतात.

बैठकीला सहा-सहा असे बारा जण, वेळ तीन तास. जागा कोणत्याही गटाची नसावी. रेकॉर्डिंग नाही, इतिवृत्तात मुद्दे लिहायचे, नावं नाहीत. अमेरिकेत २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर उभ्या राहिलेल्या ब्रेव्हर एंजल्स या संस्थेच्या कार्यशाळांतला एक प्रकार इथे फार उपयोगी पडतो. दोन्ही गट वेगळ्या खोल्यांत बसतात आणि 'लोक आपल्याबद्दल काय चुकीचं समजतात' याचे चार मुद्दे लिहितात. प्रत्येक मुद्द्यापुढे दोन रकाने: खरं काय आहे, आणि त्या समजात तथ्याचा अंश किती. चाळीस मिनिटांनी एकत्र येऊन वाचन.

सगळी कळ त्या दुसऱ्या रकान्यात आहे. समोरचे स्वतःहून 'हो, आमच्यातले काही असं वागतात' म्हणाले की ऐकणाऱ्यांचे खांदे सैल पडतात. म्हणूनच तो रकाना कोरा ठेवायचा मोह होतो. समन्वयकानं एकच विचारावं: 'हा समज मुळात पसरला कशामुळे?' बहुतेक वेळा त्यातून काहीतरी निघतं.

उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं. 'मग तुम्ही असं कसं म्हणता?' हा प्रश्न नाही, तो आरोप आहे. 'हे मत कोणत्या अनुभवातून बनलं?' असं विचारा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला यांच्या २०१६च्या अभ्यासात घरोघरी जाऊन केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या संभाषणांत लोकांना स्वतःचे अनुभव आठवायला सांगितलं होतं. ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला.

पण नुसत्या बोलण्यावर थांबू नका. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट पाडले होते. त्यांच्यात वैर आल्यावर एकत्र जेवायला बसवलं, तर भांडणं वाढली. पाणीपुरवठा बंद पडला आणि दोघांनी मिळून दुरुस्तीला हात लावावा लागला, तेव्हा कुठे वैर निवळू लागलं. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी अशा संपर्काच्या अटी मांडल्या: समान दर्जा, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकार असलेल्यांचा पाठिंबा.

म्हणून बारा जणांनी उठण्यापूर्वी एक काम निवडावं. ते नव्वद दिवसांत पुरं होणारं, दोघांनाही हवं असलेलं आणि एका गटाला एकट्यानं न जमणारं असावं. पाण्याची गळती, रस्त्यावरचे बंद दिवे, सांडपाण्याचा निचरा असं काही. प्रत्येक जबाबदारी जोडीला द्या, जोडीत दोन्ही गटांचा एकेक. पैशाला दोन सह्या, बिल ४८ तासांत सर्वांना दिसेल अशा ठिकाणी. एका वहीत तीनच रकाने: कोण, काय, कोणत्या तारखेला. तारीख चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवायचं. उशीर लोक माफ करतात, न कळवता केलेला उशीर त्यांना जुना दगा आठवून देतो.

अफवा येणारच. प्रत्येक बाजूनं एक माणूस आधीच ठरवून ठेवावा. काही कानावर आलं की या दोघांनी ग्रुपवर लिहिण्याआधी एकमेकांना फोन करायचा. खुलासा दोघांच्या नावानं, तीन ओळींत. त्यावर ग्रुपमध्ये वाद घालायचा नाही.

जिथे मारहाण, धमकी किंवा बहिष्कार घडलाय, तिथे ही पद्धत सुरुवातीला वापरू नका. सोसलेल्या माणसाला अत्याचार करणाऱ्यासमोर बसवून 'समजून घ्या' म्हणणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. आधी सुरक्षितता, कायदेशीर दाद आणि चुकीची उघड कबुली. बैठकीचा विषय त्यानंतर, तोही त्या माणसाची इच्छा असेल तरच.

अपेक्षाही बेतानं ठेवा. इराकमध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ बनवून संशोधक सलमा मूसा यांनी २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. संघसोबत्यांशी वागणं सुधारलं, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी लोकांबद्दल फारसा फरक पडला नाही. विश्वास बसतो तो त्या माणसांपुरता. म्हणून दर नव्वद दिवसांनी चार जुने उठावेत, चार नवे यावेत, आणि काम नवं घ्यावं.

पहिली फेरी संपली की त्याच घरी तेच तीन प्रश्न घेऊन पुन्हा जा. दुसऱ्या प्रश्नाला आता किती नावं येतात ते आधीच्या यादीशेजारी लिहा. ज्या घरातून अजून एकही नाव येत नाही, तिथला एक माणूस पुढच्या फेरीत घ्या.