सूक्ष्मजीवशास्त्रातून संगणकीय प्रतिमानांकडे कसे वळावे

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेला विद्यार्थी संगणकीय प्रतिमानांकडे, म्हणजे एखादी प्रक्रिया समीकरणांत मांडून संगणकावर सोडवण्याकडे, वळायचे ठरवतो तेव्हा बहुधा आधी प्रोग्रामिंगचा वर्ग शोधतो. माझ्या मते सुरुवात एखाद्या मोजता येण्याजोग्या प्रक्रियेपासून करावी. पायथन किंवा आर यांसारखी प्रोग्रामिंगची भाषा कामाच्या ओघात शिकता येते.

सांडपाण्यातील नायट्रीकरण, म्हणजे जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे, यासाठी सोयीचे आहे. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्यामुळे आपला हिशेब लगेच पडताळता येतो. टाकीत किती अमोनिया आला, किती बाहेर गेला आणि किती जिवाणूंनी वापरला, याचा ताळेबंद प्रथम कागदावर मांडावा आणि प्रत्येक पदाची एकके जुळतात का ते पाहावे.

त्यानंतर फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांचे जिवाणूंच्या वाढीचे समीकरण घ्यावे. त्यात दोन स्थिरांक असतात: वाढीचा कमाल दर, आणि अमोनियाच्या ज्या संहतीला (पाण्यातील प्रमाणाला) वाढीचा दर या कमाल दराच्या निम्मा असतो ती संहती. हे स्थिरांक प्रयोगात अमोनिया वेळेनुसार कसा घटतो याच्या आलेखावरून काढावे लागतात, आणि खरी अडचण इथेच आहे. प्रयोगाच्या आरंभी अमोनिया भरपूर असेल, तर आलेखाचा बहुतांश भाग केवळ कमाल दराविषयी सांगतो आणि दुसऱ्या स्थिरांकाची माहिती शेवटच्या छोट्याशा टप्प्यातच दडलेली असते. अमोनिया फारच कमी असेल, तर हाती लागते ते दोहोंचे गुणोत्तर. म्हणून वेगवेगळ्या आरंभिक संहतींवर प्रयोग करावेत, शेवटच्या टप्प्यात नमुने दाट घ्यावेत आणि उत्तर एका आकड्यात न देता त्याची व्याप्ती द्यावी. आलेख बिंदूंवरून सुरेख गेला म्हणजे स्थिरांक बरोबर आले, असे मुळीच नाही. हे ज्याने स्वतः नमुने काढले आहेत त्याला लवकर उमगते, आणि संगणकशास्त्राकडून येणाऱ्यांपेक्षा आपली बाजू इथेच भक्कम ठरते.

एवढे जमल्यावर १९८७ साली प्रसिद्ध झालेले सक्रिय गाळाचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूयुक्त गाळाचे, पहिले प्रतिमान (एएसएम१) अभ्यासावे. त्यात १३ घटक आणि ८ प्रक्रिया आहेत. जिवाणूच्या जनुकसंचावरून त्याच्या पेशीतील रासायनिक अभिक्रियांचे जाळे मांडणारी चयापचय-प्रतिमाने त्यापुढची पायरी होय. अमेरिकेतील कोलोरॅडोमधल्या रायफल येथे भूजलात अ‍ॅसिटेट सोडून जिओबॅक्टर जिवाणूंकरवी विरघळलेल्या युरेनियमचे अविद्राव्य रूप घडवण्याचे प्रयोग झाले, आणि या जिवाणूचे चयापचय-प्रतिमान भूजलप्रवाहाच्या प्रतिमानाशी जोडण्यात आले.

पीएचडीसाठी नेट किंवा गेट द्यावीच लागते, असे समजून तयारी ठेवावी. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांतील संशोधकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून मगच त्यांना पत्र लिहावे. सोबत प्रमाणपत्रांच्या चळतीऐवजी आपले छोटे प्रतिमान, त्याची मूळ मोजमापे आणि ते नेमके कुठे फसते याचे एक पानी टिपण जोडावे.