आईच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, आता घरच्यांनी काय करायचं

आमच्या आईच्या स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट (सुईने तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) आला त्या दिवशी बाबा, काका आणि मी किचनचं दार लोटून कुजबुजत बसलो होतो, तिला सांगायचं कसं म्हणून. ती हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी करून सगळं ऐकत होती. तेवढं करू नका प्लीज. सुई तिला टोचलीये, तिला अंदाज असतोच. डॉक्टरकडे गेलात की समोरच्या खुर्चीत तिला बसवा, तुम्ही मागे उभे राहा, प्रश्न आधी तिला विचारू द्या.

आता घाई. गाठ आहे ना, काढून टाका उद्याच, असं प्रत्येक घरात म्हणतात आणि जवळचा एखादा सर्जन काढूनही देतो. थांबा. आधी सुईची बायोप्सी, मग ईआर, पीआर, हर-टू हे रिपोर्ट (गाठ हार्मोनवर वाढते का, हर-टू हे प्रथिन तिच्यात जास्त आहे का ते सांगणारे), कारण औषध कुठलं द्यायचं ते त्यावर ठरतं आणि बऱ्याचदा आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग ऑपरेशन. पूर्ण स्तन काढावाच लागतो असं नसतं, हे आम्हाला तिसऱ्या भेटीत कळलं, पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो हे गल्लीत कोणीतरी सांगणारच, तसं होत नाही.

एक जाड फाईल करा आणि ती एकाच माणसाकडे ठेवा. टाटाला, म्हणजे परळला, किंवा कुठेही दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, पहिल्या लॅबमधून स्लाईड आणि ब्लॉक (तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा) मागून घ्यावे लागतात, ते परत तपासतात. आमचे दोन चकरांचे पैसे यातच गेले.

पैशाचं बोलायला लाजू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतलं हॉस्पिटल लागतं आणि मंजुरी ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी गाठा, रेशनकार्ड आधारकार्ड बरोबर ठेवा. बाहेरगावचे असाल तर रेल्वेत पेशंट आणि सोबतच्याला सवलत असते, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईत राहायचा प्रश्न असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

केमो सुरू झाली की घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री २ वाजले तरी हॉस्पिटलला फोन, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात (सगळ्याच औषधांनी नाही जात), आईने आधीच बारीक कापून घेतले, म्हणाली उशीवर पुंजके बघवत नाहीत. तोंड आलं की मऊ भात, ताक, पातळ खिचडी, जेवढं जाईल तेवढं, आग्रह नको.

आणि पाहुणे! फोन घ्यायला एक माणूस नेमा, आमच्याकडे हे काम मामेबहिणीने केलं आणि तिचे उपकार आहेत, कारण गोमूत्र, कडुलिंबाचा काढा, अमुक वैद्यबुवा, हे सगळं तिनेच परस्पर अडवलं. काढा द्यायचाच असेल तर डॉक्टरला दाखवून, केमोच्या औषधांशी भांडण होऊ शकतं. एका काकूंनी आईचं ताट वेगळं ठेवलं, कॅन्सर लागत नाही हो काकू.

आता बायकांसाठी. आईने गाठ चार महिने लपवली, दुखत नव्हती म्हणून, मग दिवाळी, मग भाचीचं लग्न. बहुतेकदा ती दुखतच नाही. गाठ, काखेत गोळा, निप्पल आत ओढलेलं किंवा त्यातून रक्त, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. आई किंवा बहिणीला झाला असेल तर आपली तपासणी कधीपासून करायची ते डॉक्टरलाच विचारा, मी विचारलं. मावशी मात्र जातच नव्हती, आज उद्या चाललं होतं, शेवटी आईने तिसऱ्या केमोच्या खुर्चीवरून, हातात सलाईन, फोन करून झापलं, मग गेली.