पहिला पोनी शो : इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही बर्कशायरमधल्या एका गावच्या मैदानावर भरलेल्या पोनी शोला, म्हणजे लहान चणीच्या घोड्यांवर बसणाऱ्या मुलांच्या स्पर्धांना, प्रथमच गेलो. त्या सकाळी तिच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून झाल्यावर उरलेली रिबीन मी हौसेने पोनीच्या शेपटीला बांधली. त्यानंतर जवळजवळ तासभर आमच्या आसपास कोणी फिरकले नाही. समोरून येणारी मंडळी आमच्याकडे पाहून स्मित करीत आणि लगेच लांबचा वळसा घेऊन निघून जात. देशात येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते, त्यामुळे या वागण्याचा अर्थ मी आमच्या वर्णाशी जोडला आणि मनातल्या मनात फार दुखावले गेले. अखेर एका वृद्ध बाईंनी दुरूनच विचारले, ‘‘ही फार लाथा झाडते का?’’ तेव्हा कळले, की शेपटीला लाल फीत याचा अर्थ ‘हे जनावर लाथ मारते, अंतर ठेवा’ असा असतो, आणि हिरवी फीत म्हणजे ‘हे अजून नवखे आहे, सांभाळून घ्या’. ही खूण लहान पोरांनाही ठाऊक असते. आपल्याला ती कोणी सांगत नाही, कारण ती सांगावी लागते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढचे सारे लेखन अशाच न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी आहे.

आपल्यातील बहुतेकांचा घोड्याशी आलेला संबंध म्हणजे माथेरानला दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंतची रपेट, किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी मारलेली एखादी फेरी. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि आपले काम फक्त घट्ट धरून बसण्याचे. इथे मूल शाळेतल्या मैत्रिणीचे पाहून रायडिंग स्कूलमध्ये जाऊ लागते आणि वर्षा-दोन वर्षांत कोणाची तरी मुलगी मोठी झाल्यामुळे रिकामी झालेली पोनी ‘लोन’वर आपल्याकडे येते; म्हणजे मालकी मूळ घरचीच राहते, आणि दाणा-वैरण, नालबंदी, डॉक्टर यांचा खर्च आपण करतो. अशी पोनी शोला नेण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि लेखी करारात बाहेर नेण्याविषयी काय म्हटले आहे, ते वाचावे.

‘जिमखाना’ या शब्दाने मात्र फसू नये. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. आपल्या कानांना हा शब्द क्रिकेट, टेनिस आणि सभासदत्वाची प्रतीक्षायादी एवढेच सांगतो. हिंदुस्थानातून इकडे आलेला हाच शब्द इंग्लंडच्या खेड्यांत पोनीवर बसून खेळायच्या शर्यतींसाठी रूढ झाला : खांबांमधून नागमोडी पोनी काढणे, चमच्यात अंडे घेऊन दुडक्या चालीने धावणे, पोत्यात पाय घालून उड्या मारत शेवटची रेघ गाठणे. मुलाची घट्ट विजार ‘जोधपूर’ म्हणवते ती राजस्थानातल्या त्याच शहरावरून, तेव्हा दुकानात तो शब्द उच्चारताना आपण तरी संकोचण्याचे कारण नाही.

शोचे पत्रक, ज्याला इथे ‘शेड्युल’ म्हणतात, ते हाती आल्यावर आपल्या परीक्षार्थी स्वभावाला आवर घालावा. मी पहिल्या वेळी पाच वर्गांत, म्हणजे शोमधल्या पाच वेगवेगळ्या स्पर्धांत, नाव नोंदवले होते. तिसऱ्या वर्गानंतर मुलगी रडू लागली आणि पोनीने मान खाली घालून गवत खाण्याचा निर्णय घेतला. दोघींचेही बरोबर होते. माझा आग्रह असा, की पहिल्या दिवशी दोनच वर्ग घ्यावेत : एक ‘लीड रेन’, ज्यात मूल खोगिरावर बसते आणि मोठे माणूस दोरी धरून चालते, आणि दुसरा हलकाफुलका, ‘परीक्षकांना कोणती पोनी घरी न्यावीशी वाटेल’ अशा थाटाचा. ज्या मुलाला थोड्या उड्या येतात त्याच्यासाठी ‘क्लिअर राउंड’ असतो. त्यात कोणाशी स्पर्धा नसते, एकही दांडी न पाडता फेरी पूर्ण केली की फीत मिळते. याहूनही चांगले म्हणजे, त्याआधी एखाद्या शोला मुलाला नुसते प्रेक्षक म्हणून न्यावे आणि दुसऱ्या एखाद्या शोला पोनीला नुसते फिरवून आणावे. ध्वनिक्षेपक, फडफडणारे तंबू, कुत्री आणि आईस्क्रीमची गाडी यांची तिला सवय होणे मुलाच्या सरावाइतकेच महत्त्वाचे आहे.

पत्रकातील उंचीचे आकडे दशांश चिन्हाचे समजू नयेत. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच, आणि बिंदूनंतरचा आकडा उरलेले इंच दाखवतो. म्हणजे १२.२ ही बारा हँड आणि दोन इंच, अर्थात एकूण पन्नास इंच, साधारण १२७ सेंटिमीटर. माझ्या इंजिनियर नवऱ्याने याचा १२.२ गुणिले चार असा हिशेब करून पोनीला आपल्या वर्गातून बाद ठरवले नाही, एवढेच. वर्ग चुकीचा मात्र भरला. उंची नेहमी मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नव्हे. मुलाच्या वयाची आणि पोनीच्या वयाची अट प्रत्येक शोमध्ये वेगळी असते, ती पत्रकातच पाहावी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. इथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो आणि प्रवासात तो सोबत असावाच लागतो; आमचा घरी राहिला होता आणि नवरा तो आणायला चाळीस मिनिटे मागे गेला. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून सर्व घोड्यांना मायक्रोचिपही बंधनकारक आहे. फ्लूच्या लसीची नोंद त्याच पासपोर्टात असते, आणि अनेक आयोजक ती प्रवेशद्वाराशीच पाहतात. एक डोस काही दिवस उशिरा झालेला असेल तरी परत पाठवू शकतात, म्हणून तारखा महिनाभर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. आपल्या पोनीने दुसऱ्याला इजा केली तर काय, यासाठी विमा हवाच. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सभासदत्वात तो अंतर्भूत असतो. राहिला प्रश्न गाडीचा. भारतीय परवान्यावर इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, आणि तो इथल्या परवान्याशी बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. १६ डिसेंबर २०२१ पासून ट्रेलर ओढण्यासाठीची वेगळी परीक्षा रद्द झाली आहे. परंतु कायद्याने मुभा दिली म्हणून जिवंत जनावर मागे घेऊन वळण कसे घ्यावे, ते आपोआप येत नाही. पहिल्या वर्षी मी तबेल्यातल्या एका अनुभवी शेजारणीबरोबर पेट्रोलचा खर्च वाटून गेले, आणि तेच सुचवीन.

आता मुलाचा पोशाख. सगळ्यात आधी हेल्मेट : ते सध्याच्या मानकाचे असावे आणि नवेच घ्यावे. चुलतभावाचे जुने, मुलगा त्यात एकदाच पडला होता, असले हेल्मेट काटकसर म्हणून कदापि वापरू नये. एका आपटण्यानेही आतला थर निकामी होऊ शकतो, आणि बाहेरून ते दिसत नाही. बाकीचे कपडे मात्र खुशाल जुने घ्यावेत, कारण मुले वर्षात दोन मापे ओलांडतात. फिकट जोधपूर, तपकिरी आखूड बूट, शर्ट, टाय आणि ट्वीडचा कोट एवढ्यावर भागते. कानातले, बांगड्या, गळ्यातला ताईत, मनगटावरचे काळे मणी उतरवून ठेवावेत. माझ्या सासूबाईंना फोनवर हे पटेना, तेव्हा मणी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे अशी तडजोड झाली. दोरी धरणाऱ्यानेही नेटके दिसावे, हातमोजे घालावेत, आणि पायांत धावता येतील असे बूट असावेत, कारण पोनी दुडकी चालली की आपल्यालाही तिच्याबरोबर धावावे लागते. हे आदल्या महिन्यात घरामागे करून पाहावे. रिंगणाच्या मधोमध धाप लागलेला बाप पाहून मूलच घाबरते.

पोनीला आदल्या दिवशी आंघोळ घालावी, रोजचा खरारा करावा, खूर साफ करून घ्यावेत. वेल्श, शेटलंड, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट अशा देशी जातींच्या वर्गात आयाळ मोकळी आणि शेपूट नैसर्गिक ठेवतात. वेण्या घालण्याची हौस तिथे गुण कमी करते. खोगीर आणि लगाम यांचे चामडे पुसून मऊ केलेले असावे. रिकिबीचे माप विशेष काळजीने पाहावे : बुटाच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा इंच जागा राहावी; ती अरुंद असली तर पाय अडकतो, आणि फार रुंद असली तर पाय आरपार जातो. तंग घरी आवळला तरी मैदानात बसण्यापूर्वी पुन्हा तपासावा, कारण कित्येक पोनी खोगीर चढवताना पोट फुगवून धरतात. आमची तर या कलेत निष्णात होती.

मैदानावर पोहोचल्यावर पोनी ट्रेलरच्या लोखंडी कडीला थेट बांधू नये. कडीत आधी गवताच्या गठ्ठ्याची सुतळी अडकवावी आणि मोहरकीची दोरी त्या सुतळीला सुटत्या गाठीने बांधावी. जनावर बिथरून मागे ओढू लागले तर सुतळी तुटते, मान वाचते. तिला एकटी सोडून सगळ्यांनी चहाला जाऊ नये, आणि ट्रेलरमध्ये पोनीबरोबर मूल कधीही असू नये. घोड्यांना गूळ, साखर, पेढा देऊ नये, हेही इथे सांगावेसे वाटते. आपल्याकडे प्रेम दाखवण्याची ती रीत असली तरी इथल्या हिरव्यागार कुरणातली साखरच या लहान जातींना बाधते, आणि त्यातून खुरांच्या आत दाह होण्याचा जो रोग जडतो त्याने पोनी कायमची लंगडी होऊ शकते. दुसऱ्याच्या घोड्याला तर गाजरसुद्धा न विचारता देऊ नये. माणसांची सोय मात्र स्वतः करावी. मैदानावर बर्गर आणि चिप्स यांपलीकडे शाकाहारी माणसाला फारसे काही मिळत नाही. थालीपीठ आणि लिंबाचे लोणचे डब्यात असले म्हणजे दुपार निभावते.

रिंगणात शिरताना पुढच्या पोनीपासून किमान एका पोनीची लांबी अंतर ठेवावे. दोरी तोंडातल्या कडीला नव्हे, तर नाकपट्टीला अडकवलेली असते, आणि आपण पोनीच्या डाव्या बाजूला, तिच्या खांद्याशी चालतो. पुढून ओढत नाही. सगळे एका दिशेने चालतात, मग दुडकी चाल, मग स्ट्युअर्ड, म्हणजे परीक्षकांचे मदतनीस, हात करून ओळीत बोलावतात. त्यानंतर प्रत्येकाला एकट्याने थोडे चालून दाखवावे लागते. परीक्षक मुलाला पोनीचे नाव, तिला काय आवडते असे काहीतरी विचारतात. या क्षणी आपण उत्तर देऊ नये. मराठी आईबापांना हे फार जड जाते, मलाही गेले. पण परीक्षकांना ऐकायचा असतो मुलाचा आवाज. मूल काहीच बोलले नाही, तरी बिघडत नाही. निकालानंतर लगाम डाव्या हातात घेऊन ‘थँक यू’ म्हणणे तेवढे घरून शिकवून आणावे, मग क्रमांक येवो वा न येवो.

इथे पहिल्या क्रमांकाची फीत लाल, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याची पिवळी आणि चौथ्याची हिरवी असते. आपल्या सरकारी कचेऱ्यांत बदनाम झालेली लालफीत इथे मुले उशाशी घेऊन झोपतात. त्या दिवशी आमच्या वाट्याला सहावी फीत आली आणि वर्गात पोनी सहाच होत्या. पुण्याहून आलेल्या फोनवर आजोबांनी पहिला प्रश्न ‘‘कितवा नंबर?’’ हाच विचारला आणि मुलीने अभिमानाने ‘‘सहावा!’’ सांगितल्यावर, एकूण किती होते, हे विचारण्यापूर्वी मी फोन काढून घेतला. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवावे.

परतल्यावर कितीही दमलेलो असलो तरी आधी पोनीचे पाहायचे : घाम ओल्या स्पंजने पुसायचा, खुरांत दगड अडकले आहेत का ते पाहायचे, पाणी द्यायचे आणि कुरणात सोडायचे. मुलाने गाडीत झोपून न जाता यात हात लावावा, निदान पाण्याची बादली धरावी. सोडल्यासरशी पोनी बहुधा पहिल्याच चिखलात लोळते आणि आदल्या दिवसभराची सारी मेहनत मिनिटभरात काळी करून टाकते. त्यावर रागावू नये. फाटक नीट लागले आहे ना, ते दोनदा पाहावे आणि घरी जाऊन वरण-भात लावावा.