नुसती लिंक नको, सोबत प्रश्न द्या
तासाआधी विद्यार्थ्यांना व्हिडिओ पाठवताना तो कुठून कुठपर्यंत पाहायचा, तेही लिहा. संगणकावर यूट्यूबच्या 'शेअर'मध्ये सुरुवातीची वेळ टाकता येते. लिंक उघडली की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. सोबत एकच प्रश्न द्या, पण व्हिडिओत आयतं उत्तर सापडणार नाही असा. उदाहरणार्थ, 'हाच प्रयोग दुप्पट तापमानाला केला तर आलेख कसा दिसेल आणि का?' उत्तरं आदल्या रात्रीपर्यंत मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) मागवा. सकाळी ती चाळली की मुलं नेमकी कुठे अडली ते कळतं आणि तास तिथूनच सुरू करता येतो. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. आणि हो, वेबपानं गायब होतात. वाचनाच्या लिंका सत्रापूर्वीच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) जतन करून ठेवा.