पावसाळ्यात फुगणारा कार्बनचा आकडा

विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्राचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन मी कोळशाच्या वजनावरून काढत असे. प्रत्येक पावसाळ्यात दर युनिटमागचा आकडा वाढे आणि मी त्याचे खापर बॉयलरवर फोडत असे, ते बिचारे निर्दोष होते. चूक माझ्याच तक्त्यात होती. प्रयोगशाळा कार्बनचे प्रमाण हवेत वाळवलेल्या नमुन्यावर देत असे, तर कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरच्या वजनकाट्याचे वजन ओल्या कोळशाचे असे, आणि मी दोन्हींचा सरळ गुणाकार करत होतो, म्हणजे पावसाचे पाणीही कार्बन म्हणून मोजत होतो.

एकूण ओलावा 16 टक्के व वाळवलेल्या नमुन्यातील 6 टक्के असल्यास, 42 टक्के कार्बनला (100−16)/(100−6), म्हणजे 84/94 ने गुणावे लागते, आणि तो 37.5 टक्के उरतो. 12 भाग कार्बनपासून 44 भाग वायू बनत असल्याने टनामागे 1.54 ऐवजी सुमारे 1.38 टन उत्सर्जन येते. राखेतील न जळलेला कार्बन नंतर वजा केला. तो फरक किरकोळ होता. आता एकूण ओलाव्याचा नमुना रोज, बंकरकडे (बॉयलरआधीच्या कोळशाच्या साठवण-टाकीकडे) जाणाऱ्या पट्ट्यावरूनच, हवाबंद पिशवीत घेतो.