तंबूला दोष देण्याआधी: कोल्हापूरच्या डोंगरात मुक्काम करताना या चुका टाळा

शनिवारी दुपारी कोल्हापुरातून निघायचं, गगनबावडा नाहीतर मसाई पठार गाठायचं, टॉर्चच्या उजेडात जागा शोधायची, घाईत तंबू उभा करायचा आणि मग रात्रभर तंबूच्या कंपनीला शिव्या घालायच्या. पाणी आत आलं, पोल वाकला, थंडीनं झोप लागली नाही, अशा तक्रारी नेहमी कानावर येतात. त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ तंबूत नसतंच. दोन हजाराचा तंबू चांगल्या जागी सुखात झोपवतो आणि वीस हजाराचा चुकीच्या जागी रडवतो.

इथं बोलतोय ते उघड्या डोंगरातल्या मुक्कामाबद्दल. तलावाकाठी आयते तंबू, दिव्यांच्या माळा आणि सकाळी पोहे, हा प्रकार वेगळा. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण तिथं या लेखाची गरज पडणार नाही.

अंधार पडल्यावर जागा शोधणं

डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत उजेड त्याच्याही आधी जातो. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी चारपर्यंत पोचायला हवं. उशीर होणार असेल तर बेत बदला आणि खालच्या वाडीतच थांबा.

जागा बघताना आधी वर बघा. डोक्यावर वाळकी फांदी आहे का? कड्याला आग्या मोहोळ लटकलंय का? गडांच्या कड्यांवर ही पोळी असतात, आणि धूर किंवा उग्र वासाचं अत्तर त्यांना उठवायला पुरतं. मग खाली बघा. खुरांनी तुडवलेली वाट किंवा ताजं शेण दिसलं, तर तो गव्यांचा पाणवठ्याकडं जायचा रस्ता असू शकतो. तिथं तंबू टाकायचा नाही. पाण्यापासून निदान पन्नास-साठ पावलं लांब राहा, म्हणजे जनावरांना रात्री पाणी पिता येईल आणि तुम्हालाही झोप लागेल.

ओढ्याकाठची सपाट मऊ वाळू सगळ्यांना भुलवते. ती वाळू तिथं पाण्यानंच आणून टाकलेली असते. आसपासच्या झुडपांत काटक्या आणि पाचोळा अडकलेला दिसला की पूर कुठवर चढतो ते कळतं. वळीव वरच्या पठारावर कोसळला तर तुमच्या डोक्यावर एक थेंब न पडताही ओढा फुगतो. राधानगरी धरणाखाली भोगावतीच्या काठाचंही तसंच. तिथले दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, खाली कोणी झोपलंय का ते बघत नाहीत. पावसाच्या दिवसांत त्या काठावर मुक्काम नको.

चंदगड-आजरा पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. कर्नाटकातून आलेले हत्ती तिथं बरीच वर्षं वावरतायत. ऊस, भात, केळी आणि पिकलेला फणस त्यांना ओढून आणतो. शेताच्या बांधावर गवत छान असतं, पण त्या भागात शेताला खेटून किंवा फणसाखाली झोपू नका. ‘रात्री इकडनं काय जातंय?’ एवढा एक प्रश्न वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारला की बाकीचं तोच सांगतो.

आणि जागा डोळ्यांनी बघून पसंत करायची नसते. तंबू उघडायच्या आधी जमिनीवर पाठ टेकून पडा. डोकं कुठल्या बाजूला जड वाटतं, कुठला खडा बरगडीला लागतो, सगळं लगेच कळतं.

खुंट्या बसत नाहीत

मसाई असो की इथला कुठलाही सडा, म्हणजे खडकाळ पठार, वर चार बोटं माती आणि खाली जांभा, म्हणजे तांबडा खडक. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या पहिल्याच दणक्यात वाकतात. मग लोक दोऱ्या सोडून देतात आणि ‘तंबू आपोआप उभा राहतोय की’ म्हणून आत शिरतात. तो उभा राहतो हे खरं, पण वारा सुटला की आतल्या माणसासकट सरकतो.

जांभ्यावर खुंटीचा नाद सोडा. हातभर जाड काटकी घ्या, दोरी तिच्या मधोमध बांधा, काटकी आडवी टाका आणि तिच्यावर दोन-तीन जड धोंडे रचा. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर जांभ्याच्या धारेवर घासून तुटते. काटकीमुळं ते टळतं. धोंडा उचलताना त्याची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खाली विंचू असला तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहील. सकाळी दगड होता तिथं परत ठेवा. तटबंदीचे चिरे मात्र कुठल्याही परिस्थितीत काढायचे नाहीत. गडावर तंबूसाठी रचलेले तटाचे दगड बघितले की डोकं फिरतं.

जांभा तळाचं कापडही फाडतो. खाली जाड ताडपत्री हवीच. कोल्हापुरात ताडपत्रीला काय तोटा!

“तंबू गळतोय”

हे ऐकलं की आधी विचारावं, पाऊस पडला होता का? थंडीत पाऊस नसताना सकाळी आतून पाणी ठिबकत असेल तर तो तुमचाच श्वास आहे. दोघं-तिघं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागून थेंब होते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन घट्ट लावल्या तर आणखी ओलं होतं. जाळी बंद, पण वरची खिडकी उघडी, आणि समोरासमोरच्या दोन फटी मोकळ्या ठेवा. वरचं कव्हर इतकं ताणा की ते आतल्या कापडाला कुठंच टेकणार नाही. ओले कपडे आत वाळत घालू नका.

पाऊस पडला असेल आणि तळ ओला असेल, तर ताडपत्री तपासा. ती तंबूच्या बाहेर वीतभर आली असेल तर कव्हरावरून ओघळलेलं सगळं पाणी ती झेलते आणि तुमच्याखाली आणून सोडते. तिच्या कडा आत दुमडा, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान ठेवा. ही चूक अनुभवी मंडळीही करतात.

तिसरी शक्यता शिवणीची. स्वस्त तंबूत शिवणीवर आतून पट्टी नसते, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. घरी तंबू उभा करून वरून पाइपनं पाणी मारा, ओल दिसेल तिथं शिवणीवर लावायचा सीलर लावा आणि पूर्ण वाळू द्या. हे काम निघायच्या आदल्या रात्रीचं नव्हे. तंबूभोवती चर खणायची जुनी सवय मात्र सोडा. सड्यावरच्या त्या चार बोटं मातीतच पावसाळ्यातली फुलं उगवतात आणि एकदा खरवडलेली माती तिथं लवकर परत बसत नाही.

कड्याच्या टोकावर मुक्काम

सकाळी दार उघडलं की समोर कोकण, असा फोटो सगळ्यांना हवा असतो. फोटोसाठी टोकावर जा, झोपायला नको. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि टोकाशी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. शिवाय रात्री लघवीला उठलेला, अर्धवट झोपेतला माणूस आणि कडा ही जोडी वाईट. टोकापासून भरपूर मागं, झाडोऱ्याच्या किंवा उंचवट्याच्या आडोशाला या. अगदी खोलगट जागाही टाळा, कारण रात्री गार हवा उतरून तिथंच साचते. उताराच्या मध्यावरची लहानशी सपाटी सगळ्यात चांगली.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडं आणि दार आडबाजूला ठेवा. रात्री पोल मोडलाच तर मोडक्या जागेवर दोन्ही बाजूंनी खुंट्या ठेवून चिकटपट्टीनं घट्ट आवळा, सकाळपर्यंत निभावतं. टेप, सुतळी आणि सुई-दोरा सॅकमध्ये असावाच.

मेघगर्जनेत तंबूत बसून राहणं

एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. मसाईसारख्या उघड्या पठारावर त्या वेळी सगळ्यात उंच वस्तू तुम्ही किंवा तुमचा तंबू असता. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, साधारण तितके किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सामान तिथंच टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली थांबू नका. निघण्याआधी ‘दामिनी’ अॅप बघायची सवय लावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते विजेच्या इशाऱ्यासाठीच काढलंय.

आणि जून ते सप्टेंबर? पन्हाळा-पावनखिंड जरूर चाला, पण तंबू घरी ठेवा. गगनबावड्याच्या पावसात तंबूचा मुक्काम म्हणजे हौसेनं घेतलेला ताप. त्या दिवसांत देऊळ, शाळेचा व्हरांडा किंवा वाडीतलं एखादं घर, विचारून पथारी पसरावी. रांगणा गडावर तर रांगणाईच्या देवळात मुक्काम करायची जुनी रीतच आहे.

थंडी वरून येते असं समजणं

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि आपली पठारं त्याहून चारेकशे मीटर उंच, म्हणजे हिशेबानं फरक जेमतेम अडीच अंशांचा. तरी लोक कुडकुडतात, कारण अंगातली ऊब जमीन शोषून घेते आणि उरलेली वारा नेतो. पांघरूण दुप्पट करण्यापेक्षा खाली चांगली मॅट घाला. नसेल तर वाळका पाला, त्यावर ताडपत्री, त्यावर सॅक रिकामी करून पसरा. धनगरवाड्यावरचं जुनं घोंगडं अंथरायला स्लीपिंग बॅगच्या तोंडात मारेल असं असतं, ओलसर झालं तरी ऊब देतं. झोपताना कोरडे मोजे घाला. दारूनं ऊब येते हा भ्रम आहे. कातडी गरम लागते आणि आतली ऊब निघून जाते.

चूल, रस्सा आणि वणवा

कोल्हापूरकर डोंगरात गेला की मटण शिजलंच पाहिजे, हे मान्य. पण उघड्यावरच्या मुक्कामाला ते सोयीचं नाही. वासानं कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागं बिबट्या येतो, आणि भांडी घासायला पाणी लागतं ते वेगळंच. दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ यावर एक रात्र मजेत जाते. रस्सा खाली आल्यावर खा.

जानेवारीनंतर गवत वाळलं की उघडी आग नकोच. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं गुन्हा आहे, आणि वणवा लागला की तो वाऱ्याबरोबर धनगरवाड्याच्या गवताच्या गंजीपर्यंत जातो. छोटा गॅस स्टोव्ह न्या, तोही तंबूबाहेर पेटवा. तंबूत शेगडी किंवा निखारे नेऊन झोपलात तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, जाग येत नाही. जिथं चुलीला परवानगी आहे तिथं ओढ्यातले ओले दगड मांडू नका, तापले की फुटून उडतात. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, आणि हात लावून गार झाल्याची खात्री करा.

जनावरं, गोचीड आणि उघडी चेन

तंबूची चेन दोन मिनिटं उघडी राहिली तरी पुरे. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि जमिनीवर झोपलेली माणसं तिच्या दंशाला बळी पडतात. बूट आत घ्या, घालताना झटका. पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि सापावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.

सापाला सगळे घाबरतात, गोचिडीला कोणी विचारत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती, आणि तो ताप गोचिडीतूनच पसरतो. थंडी ते उन्हाळा हाच त्याचा काळ, म्हणजे नेमका आपला तंबूचा हंगाम. पाचोळ्यात लोळू नका, पँट मोज्यात खोचा, झोपण्याआधी काखा, जांघा, कानामागं बघा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, चटके देऊ नका. नंतर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलातला मुक्काम आधी सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याच्या १९२६ वर कळवा.

न विचारता शिरणं

दाजीपूर-राधानगरी हे ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं परवानगीशिवाय तंबू टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. बाहेरचे डोंगरही मोकळे समजू नका. कुठं राखीव वन आहे, कुठं संरक्षित स्मारक, कुठं खासगी मालकी. वनखात्याच्या ऑफिसात विचारा, गावात सांगून जा, परतायची वेळ घरी लिहून ठेवा. घाटाच्या कडेला मोबाईलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा कोणी शोधायला यायचं तर ते त्या चिठ्ठीवरूनच.

घरी आल्यावर

दंवानं भिजलेला तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला की आठवड्यात बुरशी धरते. गच्चीवर सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवा, वाळू झटका, चेनला मऊ ब्रश फिरवा. कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका. ओल्या राहिलेल्या कापडाचा आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागतात, आणि तसं झालं की सीलर लावूनही पाणी थांबत नाही. असा तंबू पोरांना अंगणात खेळायला द्या आणि पुढच्या मुक्कामासाठी दुसरा बघा.