आधी वस्तू उलटी करा, मग भाव विचारा: गोव्यात जुन्या वस्तू घेताना

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो, हणजूणचा बुधवारचा असो की हमरस्त्याकडेचा भंगारअड्डा, जुन्या खुर्चीला हात लावला की विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हें पुर्तुगेज तेंपावयलें, बाय!" गोव्यातला पोर्तुगेज तेंप, म्हणजे पोर्तुगीज काळ, 1510 ते 1961, साडेचारशे वर्षं. तेव्हा वाक्य खोटं नसलं तरी त्यातून काही कळतही नाही. वस्तूची खरी हकीकत तिच्या बुडाला, पाठीला, खणाच्या आतल्या बाजूला असते. तिथे कोणी पॉलिश मारत नाही आणि तिथे कोणी खोटं बोलायचे कष्टही घेत नाही.

कुठे आणि कधी

हणजूणचा बाजार पर्यटकांचा आहे आणि पर्यटकांच्या हंगामातच भरतो. तिथला बराचसा "अँटिक" माल नवाच, चोळून काळा केलेला असतो. फिरायला छान, खरेदीला बेताचा. म्हापशाला शुक्रवारी जायचं तर सकाळी लवकर जा; बरी वस्तू दुपारपर्यंत थांबत नाही.

खरी खाण आहे पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे. दारं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटं, वाशांचं लाकूड, फरशा, कौलं, सगळं तिथे एका ढिगात मिळतं. दुसरी जागा म्हणजे भांड्यांची दुकानं. गणेशचवथीच्या नि दिवाळीच्या आधी घराघरांतलं जुनं पितळ-तांबं मोडीत जातं आणि त्या बदल्यात नवं स्टील येतं. त्या दिवसांत दुकानदाराकडे मोडीचा ढीग बघू द्यायची विनंती केली की समया, घंगाळं, पाण्याची भाणं वितळायच्या आधी हाती लागतात. तिसरी वेळ एप्रिल-मे. हंगाम संपवून भाड्याचं घर सोडणारे लोक तेव्हा सामान काढतात आणि पावसाआधी ते कुठे तरी जायलाच हवं असतं, म्हणून भाव नरम.

पिशवीत काय असावं? छोटा टॉर्च, लोहचुंबक, सोनार वापरतात तसलं दहापट भिंग, फडकं आणि मोजपट्टी. मोजपट्टीबरोबर घरच्या दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाची जागा आणि छताची उंची एका कागदावर लिहून न्या. सात फुटी जुनं कपाट छताखाली सहज बसतं, पण जिन्याच्या वळणात अडकतं. मग ते तुमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर विकावं लागतं.

लाकडी सामान

खुर्चीपासून सुरुवात करू, कारण फसवणूक तिच्यातच जास्त. खुर्ची आडवी करा आणि बैठकीच्या खालची बाजू टॉर्चने बघा. खरं शिसवी लाकूड आत-बाहेर गडद, जांभळट-तपकिरी रेघांचं आणि उचलायला जड. फणसाचं मूळचं पिवळं, वयाने तपकिरी झालेलं. साग मधासारखा, हाताला किंचित तेलकट. वरून काळीभोर नि खालून फिकी खुर्ची दिसली, तर कुठल्या तरी साध्या लाकडाला रंग देऊन तिला शिसवी केलं आहे. खात्री करायला पायाच्या तळाशी नखाने ओरखडा काढा. आतून पांढरं निघालं की उत्तर मिळालं.

मग सांधे. जुन्या सुताराने लाकडात लाकूड, म्हणजे कुसू घालून जोड केलेला असतो, खणाच्या कोपऱ्यात बोटांत बोटं गुंफल्यासारखा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकात आले. ते मूळच्या जोडात दिसले तर "शंभर वर्षांची" ही गोष्ट तिथेच संपली. (बिजागरीला नंतर बसवले असतील तर हरकत नाही.) आता समोरासमोरचे दोन पाय धरून खुर्ची हलवा. कचकच ऐकू आली तर घाबरू नका. जुना सरस (सुताराचा गोंद) सुटलेला असतो आणि ते दुरुस्त होतं. चूक होते ती पुढे: लोक जुन्या सरसावरच फेविकॉल ओततात. तो लाकडाला धरत नाही, सरसाला धरतो, आणि महिन्याभरात सांधा पुन्हा सुटतो. आधी गरम पाण्याच्या फडक्याने सरस मऊ करून खरवडा, लाकूड पूर्ण सुकू द्या, मग गोंद लावून रात्रभर दोरीने आवळून ठेवा.

भोकं दिसली की कोणती ते ओळखा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखा ताजा भुसा म्हणजे आत किडा जिवंत आहे. भुसा नाही, भोकांच्या कडा काळपट, म्हणजे तो कधीच गेला. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि त्या वस्तूकडे पाठ फिरवा. किड्यावर बोरॅक्स-बोरिकचं द्रावण चालतं, पण ते पॉलिशच्या थरातून आत जात नाही. उघड्या, खरवडलेल्या बाजूनेच लावावं लागतं. काहीही घेतलं तरी पंधरा दिवस बाकी सामानापासून दूर, पांढऱ्या कागदावर उभं करा. कागदावर भुसा पडला की कळेल.

वेताची बैठक गोव्यात हवीच. लांब हातांची ती आरामखुर्ची, जिला इथे व्होल्तेर म्हणतात, तिची सगळी मजा वेतात आहे. चौकटीला भोकं असतील तर ती हाताने विणलेली: दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, वर काठाची पट्टी. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी दाबून बसवलेली. दुसरीची दुरुस्ती स्वस्त, पहिलीची महाग, पण टिकते तीच. वाईट खुर्ची ती, जिच्या भोकांवर कोणी तयार जाळी खिळ्यांनी ठोकलीय. खिळ्यांनी चौकट चिरलेली असू शकते. बैठक तुटलेली नाही, नुसती खोलगट झालीय? मग खर्च करायची गरजच नाही. खुर्ची उलटी ठेवून वेताच्या खालच्या बाजूवर ओलं फडकं अर्धा तास ठेवा. वरची बाजू चकचकीत, ती पाणी घेत नाही, खालची घेते. नंतर वाऱ्यावर रात्रभर सुकू द्या, वर बसू नका. सुकताना वेत आकसतो आणि सकाळी बैठक ताठ झालेली असते.

आता पॉलिश. आडबाजूला कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं जुनं पॉलिश आहे आणि ते खरवडून काढणं म्हणजे वस्तूचं वय खरवडणं. त्याच्यावरच नवा हात देता येतो: 100 ग्रॅम लाखेचा चपडा 500 मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, सुती कापडातून गाळा, कापडाच्या बोळ्याने पातळ हात मारा. आधीचा हात सुकला की दुसरा, असे सहा-सात. जवळपास चूल, उदबत्ती नको, खिडक्या उघड्या हव्या. आणि हे काम जून ते सप्टेंबरात काढूच नका. पावसाळी हवेतली ओल पॉलिशमध्ये अडकते आणि चकाकी येण्याऐवजी पांढरट धुकं येतं. सुताराने "चलता है" म्हटलं तरी दिवाळीपर्यंत थांबा.

बश्या, बरण्या

निळी-पांढरी बशी दिसली की इथे ती "मकावची", म्हणजे चीनमधल्या पोर्तुगीज वसाहतीतली ठरते. पालथी घाला. "निप्पॉन" असा शिक्का असेल तर जपानी, साधारण 1891 ते 1921 मधली, कारण अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि 1921 नंतर "जपान" लिहायला लावलं. "मेड इन ऑक्युपाइड जपान" असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1952 पर्यंतची. शिक्काच नसेल तर भिंगातून चित्र बघा: छापील फोटोसारखे बारीक ठिपके दिसले की माल अलीकडचा, कुंचल्याच्या रेघेला मात्र सुरुवात नि शेवट असतो. बशी तीन बोटांवर तोलून नखाने टिचकी मारा. टण्ण वाजली तर धड, भद्द वाजली तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. बरणीचंही तसंच, फक्त झाकण काढून वाजवा.

जुन्या रंगीत चिनी मातीच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. तेव्हा सोलकढी त्या वाटीत वाढू नका. भिंतीवर लावा, फळं ठेवा.

कौलंही उलटी करून बघण्यासारखी. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हा माल कोकणभर पसरला. कारखान्याचं नाव कौलावर उठवलेलं असतं. एखाद-दुसरं कौल भिंतीला टेकवून ठेवायला मिळतं ते जवळपास फुकट.

पितळ, तांबं, नाणी

पितळेला चुंबक चिकटला तर वरून मुलामा, आत लोखंड. भाव वजनावर ठरतो, म्हणून निघण्याआधी दुकानात त्या दिवसाचा मोडीचा दर विचारून घ्या. मोडीच्या वर द्याल ते घडणीचे पैसे. नक्षीदार समईला ते द्यावेत, पातेल्याला देऊ नयेत. बुडाला झाळून डाग दिलेला दिसला तर पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, गळतं का बघा. स्वयंपाकाला वापरणार असाल तर आधी कल्हई.

घासायला बिंबलं, ती आंबट फळं. ठेचून, चिमूटभर मीठ घालून, पाच मिनिटं चोळा, धुवा आणि लगेच कोरडं पुसा. आंबट पाण्यात तासभर बुडवून ठेवलेलं पितळ तांबूस डागांचं होतं, कारण आम्लाने जस्त सुटून वर तांबं उरतं. तो डाग मग जात नाही. समुद्राकाठच्या घरात घासल्यावर मेणाचा पातळ हात द्या, नाहीतर खारी हवा आठवड्यात सगळं परत काळवंडून टाकते.

नाण्यांना मात्र बिंबल, चिंच, पावडर, काहीच लावू नका. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाही. गोव्याचं जुनं गणित 1 रुपिया म्हणजे 16 टांगा, 1 टांगा म्हणजे 60 रेइस. 1958 मध्ये एस्कुदो हे नवं चलन आलं, ते 6 एस्कुदोंना 1 रुपिया या दराने. एस्कुदोची नि त्याच्या सुट्या सेंताव्होंची शेवटची नाणी भरपूर आहेत, "दुर्मीळ" म्हणून दाम मोजू नका. नकली निघतात ते चांदीचे रुपिये. 1881-82 चा रुपिया कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला, वजन 11.66 ग्रॅम. छोट्या काट्यावर अर्धा ग्रॅम कमी भरला किंवा कडेला सांध्याची रेघ दिसली, तर ओतीव नक्कल.

एक लाखेची गोष्ट राहिलीच. ग्रामोफोनच्या जुन्या 78 च्या तबकड्याही लाखेच्याच. जे स्पिरिट आपण खुर्चीवर वापरलं, ते गायिका केसरबाई केरकरांच्या तबकडीवर लावलंत तर खाचा विरघळतील. पाण्याचा हलका हात, लेबल कोरडं ठेवून, एवढंच. ठेवायच्या उभ्या, आडव्या ढिगात त्या वाकतात. जुन्या दिव्यांचं एका वाक्यात: कापडी वायर लगेच बदला, धातूचा दिवा असेल तर अर्थिंगसकट तीन तारांची घाला.

काय घेऊ नये

हस्तिदंत, कासवाची ढाल, प्रवाळ: वन्यजीव संरक्षण कायदा 1972, आजीचं असलं तरी विकत घेऊ नका. देवळातली मूर्ती, पालखीचा तुकडा, कपेलातला (छोट्या चर्चमधला) लाकडी सायब, म्हणजे संताची मूर्ती: कुठून आलं हे कागदावर नसेल तर हातही नको. 1972 च्याच पुरावस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखित 75 वर्षांवरचं. ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून लिस्बनच्या पुतण्यासाठी भेट म्हणून घेऊ नका.

घरातून थेट घेताना आणखी एक. गोव्यात घर बहुधा सामाईक असतं आणि नवरा-बायकोची मालमत्ताही. एका भावाने विकलेलं कपाट दुसरा भाऊ तुमच्या दारी मागायला येऊ शकतो. वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख लिहून सगळ्यांच्या सह्यांची पावती घ्या.

घासाघीस आणि टेम्पो

भाव पाडायचा तर वस्तूला नावं ठेवू नका, दोष दाखवा: "हा पाय हलतो, वेत नवा लागेल, त्याचा खर्च मलाच." दुरुस्तीचा आणि टेम्पोचा आकडा आधीच विचारून ठेवलेला असला की हे बोलणं पोकळ वाटत नाही. तिन्ही मिळून जी रक्कम होते तीच किंमत. नवी खुर्ची तेवढ्यात येत असेल तर जुनी तुम्हाला मनापासून आवडलेली असावी.

टेम्पोत कपाटाचे खण काढून वेगळे ठेवा, दारं दोरीने बांधा, आरशाला चादर. संगमरवरी फळीचं टेबल असेल तर फळी सुटी करून उभी, कडेवर, दोन गाद्यांच्या मध्ये न्या. आडवी ठेवली की पहिल्याच स्पीडब्रेकरला स्वतःच्याच वजनाने मधोमध तुटते.